घरी बनवलेला पिनपॉइंटर: जुळणी आणि ट्यूनिंग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिनपॉइंटर म्हणजे नेमकं काय? मोठा डिटेक्टर असताना हा वेगळा कशाला?

मोठ्या डिटेक्टरची कॉइल वीस-पंचवीस सेंमी रुंद असते. ती "इथे खाली काहीतरी आहे" एवढं सांगते. खड्डा खणला की खरी पंचाईत सुरू होते: वस्तू खड्ड्याच्या तळाशी आहे, भिंतीत आहे, की बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगात? नाणं मातीच्याच रंगाचं झालेलं असतं आणि ढेकळाच्या आत बसलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांचा काही उपयोग होत नाही. पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारी कांडी. टोकाला फेराइटवर (काळा, ठिसूळ चुंबकीय पदार्थ) गुंडाळलेली छोटी कॉइल, मागे सर्किट, बॅटरी आणि बझर. टोक धातूच्या जवळ गेलं की वाजते. काम इतकंच, पण ते करणारी कांडी खिशात असली की खड्डा निम्म्या आकाराचा पुरतो आणि फावड्याच्या पात्याने वस्तूवर ओरखडा पडत नाही.

डिटेक्टर नसेल तर नुसत्या पिनपॉइंटरचा उपयोग होतो का?

होतो. जुन्या लाकडावर रंधा किंवा करवत चालवण्याआधी आत मोडलेले खिळे शोधायला याच्यासारखं साधन नाही. गवतात पडलेली अंगठी, वाळूत पडलेली किल्ली हेही जमतं, फक्त शोधायची जागा लहान हवी. काँक्रीटमधली सळई मात्र बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर असते. अख्खं शेत किंवा मैदान पिंजून काढायचं असेल तर त्याचा विचारही करू नका.

चांगल्या पिनपॉइंटरने किती अंतरावरून धातू पकडायला हवा?

अडीच सेंमी व्यासाचं नाणं तीन ते पाच सेंमीवरून पकडलं तर घरगुती पिनपॉइंटर उत्तम झाला म्हणायचं. "माझा फक्त चार सेंमीवर वाजतो, दहा कसे करू?" हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून त्याचं गणित एकदा सांगून टाकतो.

कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने घटतं. ते धातूपर्यंत पोहोचतं, धातूत एडी करंट (धातूच्या आत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होतात, आणि त्या करंटचं क्षेत्र परत येताना पुन्हा तिसऱ्या घाताने घटतं. म्हणजे कॉइलपेक्षा वस्तू लहान आणि थोडी लांब असेल तर परत येणारा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट करायचं तर संवेदनशीलता ६४ पट वाढवावी लागते. नुसतं १० टक्के अंतर वाढवायला सुमारे पावणेदोन पट.

त्यामुळे शेवटच्या अर्ध्या सेंमीसाठी झटापट करण्यात अर्थ नाही. त्या अर्ध्या सेंमीच्या बदल्यात उन्हात वाजणारा, हात लागला की वाजणारा, बॅटरी थोडी उतरली की गप्प बसणारा पिनपॉइंटर पदरी पडतो. तसंही वस्तू कुठे आहे हे बोटाच्या पेरापर्यंत अचूक कळावं म्हणून आपण तो बनवतो, खोलीसाठी मोठा डिटेक्टर आहेच. तीन सेंमीवर दिवसभर न चुकता वाजणारी कांडी सहा सेंमीवर लहरीप्रमाणे वाजणाऱ्या कांडीपेक्षा केव्हाही चांगली. खालची बहुतेक उत्तरं याच मतातून आलेली आहेत.

सर्किट कोणत्या पद्धतीचं निवडावं?

घरी करण्याजोग्या तीन पद्धती आहेत.

पहिली बीएफओ, म्हणजे बीट फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर. दोन ऑसिलेटर (ठरावीक फ्रीक्वेन्सीने सतत कंप पावणारी सर्किटं), त्यांतला एक कॉइलवर चालणारा. दोघांच्या फ्रीक्वेन्सीतला फरक कानाला सूर म्हणून ऐकू येतो. धातू आला की कॉइलचा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला विरोध करण्याची तिची क्षमता) बदलतो आणि सूर सरकतो. तत्त्व समजायला छान, भाग कमी, पण वापरायला कटकटीचं. १०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या ऑसिलेटरमध्ये १ हर्ट्झचा फरक म्हणजे दहा लाखांत दहा भाग. तापमान एका अंशाने बदललं तरी एवढं सरकतं. शिवाय सूर सतत ऐकत राहावा लागतो आणि लोहयुक्त मातीत नुसतं टोक टेकवलं तरी तो बदलतो. शिकण्यासाठी जरूर करा, खिशात ठेवायला नको.

दुसरी पद्धत ऊर्जेचा तोटा मोजणारी. एकच ऑसिलेटर असतो आणि तो जेमतेम चालू राहील अशा बेताने जुळवलेला असतो. धातूतले एडी करंट कॉइलची ऊर्जा खातात, ऑसिलेटरचा जोर ओसरतो, एका मर्यादेखाली गेला की बझर वाजतो. कारखान्यांतले इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर याच तत्त्वावर चालतात आणि त्यांच्यासाठी बनवलेल्या टीडीए०१६१ सारख्या आयसी पिनपॉइंटरसाठी आयत्याच मिळाल्यासारख्या आहेत. ही आयसी ४ ते ३५ व्होल्टवर चालते. धातू लांब असताना ती अगदी थोडा करंट घेते, जवळ आला की कित्येक पटींनी जास्त. तो फरक एका ट्रान्झिस्टरने ओळखायचा आणि बझर वाजवायचा. पहिल्यांदा बनवणाऱ्याला मी डोळे झाकून हीच पद्धत सांगतो.

तिसरी पल्स इंडक्शन. कॉइलमध्ये क्षणभर जोरदार करंट सोडायचा, एकदम तोडायचा, आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी कॉइलवर काय उरलंय ते बघायचं. जवळ धातू असेल तर त्यातले एडी करंट लगेच विझत नाहीत आणि कॉइलवरचा व्होल्टेज रेंगाळतो. खारट ओली वाळू आणि लोहयुक्त माती यांत ही पद्धत सगळ्यांत शांत राहते. मात्र मायक्रोकंट्रोलर, शेकडो व्होल्टचे काटे, वेळेचं गणित हे सगळं येतं. ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर मजा आहे, नसेल तर दुसरा पिनपॉइंटर म्हणून करा.

सामान काय काय लागतं?

तोटा मोजणाऱ्या प्रकारासाठी: फेराइट रॉड, ०.२ ते ०.३ मिमीची इनॅमल्ड तांब्याची तार, आयसी आणि तिचा सॉकेट, दोन-तीन फिल्म कपॅसिटर, दहा फेऱ्यांचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर), एक-दोन साधे ट्रान्झिस्टर, ५ व्होल्टचा रेग्युलेटर, बझर, एलईडी, बटण, ९ व्होल्टची बॅटरी, झीरो पीसीबीचा पट्टा आणि सगळं मावेल अशी पीव्हीसीची नळी. बटण दाबून धरायचं घ्या, चालू-बंद खटका नको. खटका चालू राहून खिशात बॅटरी संपते.

फेराइट रॉड कोणता? आणि तो कापायचा कसा?

जुन्या मीडियम वेव्ह रेडिओतला ८ ते १० मिमी जाडीचा काळा रॉड या कामाला अगदी योग्य. ४ ते ६ सेंमी लांबी पुरते. पॉवर सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या लोहभुकटीच्या रिंगा इथे चालत नाहीत, आणि खिळा किंवा लोखंडी सळई तर नाहीच: तिच्यातच इतके एडी करंट तयार होतात की बाहेरचा धातू कळतच नाही.

फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं. करवतीने कापायला गेलात तर मोडेल, तेही हव्या त्या जागी नाही. त्रिकोणी कानशीच्या धारेने रॉडभोवती सगळीकडून एक मिलिमीटर खोल खाच पाडा, रॉड फडक्यात गुंडाळा, खाच दोन्ही अंगठ्यांच्या मधे येईल असा धरा आणि झटका द्या. बहुतेक वेळा सरळ तुटतो. कड थोडी ओबडधोबड निघाली तर तो भाग मागे ठेवा, मूळ सपाट टोक पुढे. हातातून पडून दोन तुकडे झालेला रॉड सुपर ग्लूने जोडून वापरता येतो, पण सांध्यात बारीक फट राहते आणि इंडक्टन्स घटतो, म्हणून जोडल्यावर पुन्हा मोजा.

कॉइलला किती वेढे द्यायचे?

"इतके वेढे" असं छातीठोक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रॉडचा प्रकार, लांबी, कॉइलची जागा यांनुसार आकडा बदलतो. लक्ष्य इंडक्टन्सचं ठेवा. तोटा मोजणाऱ्या आणि पल्स या दोन्ही प्रकारांत ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल सोयीची पडते.

आधी १०० वेढे द्या आणि मोजा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समजा मीटरने ४५० मायक्रोहेन्री दाखवले, तर ३०० साठी वेढे = १०० गुणिले (३०० भागिले ४५०) चं वर्गमूळ, म्हणजे ८२. अठरा वेढे सोडवले की काम झालं. म्हणूनच सुरुवातीला जास्त गुंडाळायचे. सोडवणं सोपं, तार जोडून वाढवणं किचकट.

गुंडाळताना आधी रॉडवर कागदाचा किंवा टेपचा एक थर घ्या, कारण तुटलेल्या फेराइटची कड इनॅमल खरवडते. तारेची सुरुवात टेपखाली दाबा, डाव्या हाताने रॉड फिरवा, उजव्या हाताच्या चिमटीतून तार ताणून सोडत राहा. वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे. दर दहा वेढ्यांनी नखाने मागे सारून घट्ट करा. कॉइल रॉडच्या पुढच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटरवर सुरू झाली की टोकाची धार वाढते. मधोमध ठेवली तर बाजूनेही बऱ्यापैकी वाजते. शेवटी वॉर्निश किंवा पातळ इपॉक्सी पाजा. हे टाळू नका: सैल वेढे असलेली कांडी दगडावर आपटली की आपोआप वाजते, आणि आपण तासभर सर्किटमधली चूक शोधत बसतो.

एलसी मीटर नाही. इंडक्टन्स कसा कळणार?

कॉइलला १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर समांतर जोडा, ऑसिलेटर चालू करा आणि फ्रीक्वेन्सी मोजा. बऱ्याच मल्टिमीटरमध्ये फ्रीक्वेन्सीची सोय असते. ३०० मायक्रोहेन्रीला सुमारे ९२ किलोहर्ट्झ येतात, १ मिलिहेन्रीला सुमारे ५०. आकडा कमी आला म्हणजे इंडक्टन्स जास्त आहे. मीटरच्या वायरी लावल्याने ऑसिलेटर बंद पडत असेल तर मधे काही पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका.

टँकचा, म्हणजे कॉइलला समांतर जोडलेला, कपॅसिटर कोणताही चालेल का?

नाही. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन किंवा सी०जी दर्जाचा सिरॅमिक घ्या. चपटे स्वस्त सिरॅमिक आणि एक्स७आर तापमानानुसार भलतेच सरकतात. एक्स७आरला त्याच्या तापमानाच्या पूर्ण पट्ट्यात १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते, तर सी०जी अंशामागे दहा लाखांत ३० भागांच्या आत राहतो.

ट्यूनिंग नेमकं कसं करायचं? दरवेळी वेगळंच जुळतं.

दरवेळी वेगळं जुळतं याचं कारण बहुधा जागा आणि घाई. आधी लाकडी टेबल शोधा, ज्याच्या खाली लोखंडी चौकट किंवा ड्रॉवरच्या पट्ट्या नाहीत. घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवा. कांडी टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी ठेवा, टोक हवेत. बटण टेपने दाबून चालू ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. सर्किट गरम होऊन स्थिरावू द्या.

मग प्रीसेट फिरवायला प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या. लोखंडी वापरलात तर तोच धातू म्हणून पकडला जातो आणि हात मागे घेतला की जुळणी बिघडते. प्रीसेटसाठी प्लास्टिकच्या काडीच्या टोकाला घासून पातं केलं तरी चालतं. बझर वाजायला लागेपर्यंत हळूहळू फिरवा. वाजला की उलट दिशेला, फक्त गप्प होईपर्यंत. इथे सगळे थांबतात, आणि तिथेच चुकतं. त्या टोकाच्या बिंदूपासून प्रीसेट आणखी पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. अंतर थोडं कमी होईल, होऊ द्या.

आता एक नाणं पट्टीच्या कडेने टोकाकडे सरकवत न्या आणि कुठे वाजतं त्याची खूण करा. पुन्हा मागे नेत जा आणि कुठे गप्प होतं ती दुसरी खूण करा. दोन्ही खुणांत दोन-तीन मिलिमीटर फरक असायला हवा. अजिबात फरक नसेल तर सीमेवर बझर फडफडेल, कारण सर्किटला हिस्टेरेसिस, म्हणजे वाजण्याच्या आणि गप्प होण्याच्या बिंदूंतला फरक, कमी पडतोय. आउटपुटवरून इनपुटकडे एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर, काहीशे किलोओहमचा, देऊन तो आणता येतो. फरक एक सेंमीच्या वर गेला तर हिस्टेरेसिस जास्त झाली. वस्तू सापडल्यावरही कांडी वाजतच राहते आणि नेमकी जागा कळत नाही.

हे जमलं की दोन परीक्षा घ्या. एक, कांडी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा आणि लगेच चालू करा. दोन, पाऊण तास उन्हात ठेवून तेच करा. दोन्ही वेळा हवेत गप्प राहून नाण्याला वाजली तर प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो कायमचा बसवा. नाही राहिली, तर आणखी थोडा मागे.

ट्यूनिंग नेहमी कॉइल पक्की झाल्यावर, कवचात बसवल्यावर आणि इपॉक्सी सुकल्यावर करा. उघड्या बोर्डावर केलेलं कवचात टिकत नाही.

बाहेरून फिरवायचा नॉब द्यावा का?

बारीक जुळणीसाठी द्या, पण त्याचा पल्ला अरुंद ठेवा: मुख्य प्रीसेटच्या जेमतेम दहा टक्के. पूर्ण पल्ल्याचा नॉब खिशातून काढताना फिरतो. त्याऐवजी मायक्रोकंट्रोलर असेल तर "रीट्यून" बटण उत्तम: टोक मातीला टेकवायचं, बटण दाबायचं, त्या मातीचा संकेत शून्य धरला जातो.

पल्स प्रकारात डॅम्पिंग रेझिस्टर किती ओहमचा?

हा रेझिस्टर करंट तोडल्यावर कॉइलवर उठणाऱ्या लाटा विझवतो. कॉइल, तिची केबल आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) यांची मिळून जी कपॅसिटन्स असेल ती आणि इंडक्टन्स यांवर ते ठरतं. समांतर रेझिस्टरची योग्य किंमत = (इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स) च्या वर्गमूळाचा अर्धा भाग. ३०० मायक्रोहेन्री आणि २०० पिकोफॅरडला हे सुमारे ६१० ओहम येतं. प्रत्यक्षात ४७० ते १००० च्या दरम्यान कुठेतरी सापडतं.

स्कोप असेल तर २२० ओहमच्या पुढे ५ किलोओहमचा प्रीसेट टाका आणि कॉइलवरचा उतार बघा. शेवटाला लाटा उठत असतील तर रेझिस्टर जास्त आहे. लाटा नाहीत पण उतार आळसावलेला असेल तर कमी आहे. लाटा नुकत्याच मावळल्या तो बिंदू आपला. आकडा मोजून अर्ध्या वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर बसवा. तारेचा गुंडाळलेला रेझिस्टर नको, तो स्वतःच एक कॉइल असतो. प्रोब १० पटीवर ठेवा, कारण करंट तोडताच कॉइलवर शेकडो व्होल्टचा काटा उठतो. ४०० व्होल्टचा मॉस्फेट असेल तर साधारण तिथेच तो छाटला जातो. याच कारणाने कॉइल आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड असायलाच हवेत.

स्कोप नसेल तर ३३० ओहमपासून वर चढत जा आणि प्रत्येक पायरीवर चॉकलेटच्या चांदीचा छोटा तुकडा किती अंतरावर पकडला जातो ते बघा. अंतर वाढत जाऊन मग अचानक अस्थिरता येते. त्याच्या एक पायरी खाली थांबा.

आर्डुइनोवर पल्स पिनपॉइंटर करताना वेळा काय ठेवायच्या?

९ व्होल्ट, ३०० मायक्रोहेन्री, एकूण ३ ओहम रोध धरला तर ५० मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये करंट साधारण १.२ अँपिअरपर्यंत चढतो. सेकंदाला ५०० पल्स दिल्या तर कॉइलचा सरासरी करंट १५ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो, म्हणजे छोट्या बॅटरीला झेपण्यासारखा.

करंट तोडल्यावर १० ते १५ मायक्रोसेकंदांनी नमुना घ्या. बारीक अंगठी किंवा पातळ पत्र्यातले एडी करंट काही मायक्रोसेकंदांतच विझतात, त्यामुळे उशीर केला तर तेच हुकतात. फार लवकर घेतला तर अॅम्प्लिफायर अजून धक्क्यातून सावरलेला नसतो. शंभरएक मायक्रोसेकंदांनी दुसरा नमुना घेऊन पहिल्यातून वजा करा. कांडी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरवल्याने येणारा संथ व्होल्टेज दोन्ही नमुन्यांत सारखाच असतो, तो निघून जातो.

इथे अनेक जण अडकतात ती गोष्ट: आर्डुइनोवरच्या एटीमेगा३२८ चिपच्या एडीसीला (व्होल्टेज वाचून त्याचा आकडा करणारा भाग) नेहमीच्या सेटिंगवर एक वाचन घ्यायला सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात, आणि नमुना धरण्याचा क्षणही सुरुवातीनंतर १२ मायक्रोसेकंदांनी येतो. एडीसीचं घड्याळ वेगवान करा, किंवा एडीसी सोडून आतला कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग) वापरा. उताराचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली यायला किती वेळ लागला ते १६ मेगाहर्ट्झच्या टायमरने मोजलं की ६२.५ नॅनोसेकंदांची बारकाई मिळते, आणि बऱ्याच पल्सची सरासरी घेतली की आणखी बरी. सरासरी २० मिलिसेकंदांच्या पटीत घ्या: सेकंदाला ५०० पल्स असतील तर दहा-दहाच्या गटात. ५० हर्ट्झच्या वीजवाहिन्यांची गुणगुण त्यात आपोआप कटते.

आणखी एक. आयआरएफ७४० सारखा मॉस्फेट आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही. त्याच्या गेटला ९ व्होल्ट देणारा एक ट्रान्झिस्टरचा टप्पा मधे घाला.

हात लावला किंवा ओल्या मातीला टेकवला की वाजतो.

धातू नसताना असं होत असेल तर कॉइल आणि बाहेरचं जग यांच्यातली कपॅसिटन्स बदलते आहे. उपाय म्हणजे फॅराडे शील्ड. ग्रॅफाइट घातलेला रंग कॉइलभोवती लावा, त्यावर एक उघडी बारीक तार टेकवून ती सर्किटच्या ग्राउंडला जोडा. रंगाचा थर कॉइलभोवती पूर्ण वेढा करता कामा नये. लांबीच्या दिशेने एक-दोन मिलिमीटरची चीर मोकळी सोडा, नाहीतर तो शॉर्ट झालेला एक वेढा बनतो आणि कांडी जन्मभर स्वतःलाच शोधत बसते. अॅल्युमिनियमची टेपही चालते, पण पल्स प्रकारात ती लवकरच्या नमुन्यात दिसते, म्हणून तिथे ग्रॅफाइटच.

शील्ड जमलं का हे बघायला कांडीचं टोक ग्लासभर पाण्यात बुडवा, मग त्यात चमचाभर मीठ ढवळून पुन्हा बुडवा. साध्या पाण्याला वाजली तर शील्ड कच्चं. फक्त मिठाच्या पाण्याला कुजबुजली तर ते पाण्याच्या वाहकतेमुळे आहे, थोडं मागे ट्यून करा.

सगळं बरोबर आहे, तरी टेबलावर सतत वाजतो.

टेबलाखाली वाकून बघा. हे दुखणं फार जुनं आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी इंडक्शन बॅलन्सचं यंत्र तयार करून आणलं. यंत्र चालत होतं, पण रुग्ण ज्या गादीवर होता तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि त्यांनी संकेतांचा गोंधळ उडवला. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या ज्या बाजूला गोळी असावी असं त्यांना वाटत होतं त्याच बाजूला. गोळी तिथे नव्हतीच. बेलसाहेबांची ही अवस्था, तर आपल्या टेबलाच्या लोखंडी पायांनी फसवलं तर त्यात नवल नाही. टेबल कोरं निघालं तर मग कांडीतच शोधा: टोकाजवळचा स्क्रू, बॅटरीचा पत्रा, बझरमधलं चुंबक.

बॅटरी कुठे ठेवायची, आणि कोणती?

कॉइलपासून दहा सेंमी तरी मागे. स्थिर धातूचा परिणाम ट्यूनिंगमध्ये सामावतो, हलणाऱ्याचा नाही, म्हणून बॅटरीभोवती फोम भरा. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. ४० मिलिअँपिअर लागत असतील तर बारा-एक तासांचं प्रत्यक्ष काम. त्याच आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटरीत याच्या निम्म्यापर्यंतच क्षमता असते. रेग्युलेटर कमी ड्रॉपचा घ्या. ७८एल०५ ला ५ व्होल्ट देण्यासाठी आत सुमारे ७ लागतात, त्यामुळे बॅटरीतला उरलेला जीव वाया जातो. लिथियम सेलवर बूस्ट मॉड्यूल लावत असाल तर त्याचा स्विचिंग आवाज सर्किटमध्ये शिरणार हे धरून चाला.

बझरऐवजी व्हायब्रेशन मोटर?

गोंगाटात आणि पाण्यात सोयीची. पण तिच्यात चुंबक आणि ब्रश दोन्ही असतात. मुठीच्या मागच्या टोकाला बसवा, टर्मिनलवर १०० नॅनोफॅरड आणि उलटा डायोड लावा.

मोठा डिटेक्टर चालू असला की दोघेही किंचाळतात.

किंचाळणारच. दोघेही एकमेकांच्या क्षेत्रात आहेत, आणि पिनपॉइंटर हा डिटेक्टरच्या दृष्टीने धातूचा तुकडाच आहे. डिटेक्टरची कॉइल एक मीटर बाजूला ठेवा किंवा तो बंद करा. पल्स प्रकारात पल्सची गती थोडी बदलून बघण्यासारखी आहे, कधीकधी तेवढ्याने भागतं.

कवच कसं करायचं? पाण्यात चालेल?

पीव्हीसीची नळी, पुढे प्लास्टिकची टोपी, आत इपॉक्सी. पुढच्या दहा सेंमीत एकही स्क्रू नको. हॉट ग्लूने कॉइल बसवू नका, तो उन्हात फुगतो आणि ट्यूनिंग सरकवतो. मागचं झाकण रबरी ओ-रिंगचं केलं आणि बझरच्या भोकावर आतून पातळ प्लास्टिक चिकटवलं तर पावसात आणि घोटाभर पाण्यात चालतं. बुडी मारायची असेल तर बझर काढून मोटरच बसवा. टोकाच्या टोपीवर एक जादा नळीचा तुकडा चढवून ठेवा. मातीत खुपसून ती झिजते, मग नुसता तुकडा बदलायचा. कांडी कितीही दणकट झाली तरी तिने दगड उचकटू नका, आत फेराइट आहे.

लोखंड कोणतं आणि सोनं कोणतं हे पिनपॉइंटर सांगेल का?

तोटा मोजणारा नाही सांगत. बीएफओमध्ये थोडा अंदाज येतो: तांबं, सोनं, अॅल्युमिनियम इंडक्टन्स घटवतात आणि फ्रीक्वेन्सी चढते, लोखंड बहुधा उतरवतं. पण जाड किंवा सपाट लोखंड उलटही वागतं. आणि या टप्प्यावर माहिती हवी कशाला? खड्डा खणून झालाय, वस्तू बाहेर काढायचीच आहे.

बारीक साखळी का पकडत नाही?

साखळीतली प्रत्येक कडी वेगळी, आणि कड्यांचा एकमेकींशी स्पर्श कच्चा. मोठा एडी करंट फिरायला वाटच मिळत नाही, त्यामुळे सर्किटला ती अनेक अतिबारीक रिंगांसारखी दिसते. बहुतेक वेळा साखळीचा फासा किंवा पदकच सापडतं. तेच शोधा.

खड्ड्यात वापरताना काही युक्ती?

आधी खड्ड्याच्या भिंती, मग तळ, शेवटी ढीग. कांडी आडवी धरून बाजूने फिरवली की मोठा भाग पटकन तपासून होतो. वाजली की ती उभी करून टोकाने नेमकं शोधा. मोठ्या वस्तूवर ती सगळीकडेच वाजते. अशा वेळी वाजत असतानाच रीट्यून बटण दाबा, क्षेत्र आक्रसतं आणि पुढचा "बीप" फक्त अगदी जवळ येतो. नंतर हवेत धरून पुन्हा रीट्यून करायला विसरू नका, नाहीतर पुढचा अख्खा खड्डा रिकामा वाटेल. ढिगात वाजत असेल तर मूठभर माती उचलून टोकासमोरून न्या, ढेकूळ फोडत बसण्यापेक्षा हे जलद होतं.

कुठेही शोधायला परवानगी लागते का?

जागेच्या मालकाची लागतेच. ऐतिहासिक आणि पुरातत्त्वीय जागांवर बहुतेक देशांत डिटेक्टर वापरायलाच बंदी किंवा परवान्याची अट असते, तुमच्या भागातला कायदा आधी वाचा. आणि तोफगोळ्यासारखं, बॉम्बसारखं किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर कांडी टेकवूनसुद्धा बघू नका. मागे सरा, जागेची खूण लक्षात ठेवा, पोलिसांना कळवा. जिवंत की निकामी हे पिनपॉइंटरला कळत नाही.

काही महिने पडून राहिल्यावर चालूच होत नाही.

नव्वद टक्के वेळा बॅटरीची क्लिप. पांढरी-हिरवी पूड दिसली तर व्हिनेगरने पुसा, मग पाण्याच्या ओल्या फडक्याने, पूर्ण वाळू द्या. चालू झाला पण सतत वाजतोय तर आधी बॅटरीचा व्होल्टेज लोडखाली मोजा, मगच प्रीसेटला हात लावा. ठेवून देताना बॅटरी काढून ठेवा.